गिटारच्या आवाजात गाण्याचे शब्द का हरवतात? घरच्या रेकॉर्डिंगसाठी इक्वलायझर कसा वापरायचा, समजून घ्या

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात, दहा बाय बाराच्या खोलीत एक मुलगा गिटार घेऊन बसलाय असं समजा. बाहेर पाऊस थांबायची वाट बघून, कारण टिनाच्या छपरावर पाऊस पडत असला की रेकॉर्डिंग विसरा, त्यानं स्वतः लिहिलेलं वऱ्हाडी गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आधी गिटार, मग त्यावर आवाज. एकेकटं ऐकलं तर दोन्ही छान वाटतंय. दोन्ही एकत्र केलं आणि मित्राला पाठवलं. मित्राचा निरोप आला : "चाल भारी हाये, पण शब्द काई समजून नाई राह्यले."

मग तो आवाज वाढवतो. आता गिटार हरवते. गिटार वाढवतो, पुन्हा शब्द बुडतात. शेवटी दोन्ही वाढवतो आणि सगळं फाटल्यासारखं ऐकू येतं.

घरी गाणी रेकॉर्ड करणारे बहुतेक जण कधी ना कधी इथे अडकतात. ही अडचण बहुतेक वेळा आवाज कमी-जास्त करून सुटत नाही. तिच्यासाठी इक्वलायझर, म्हणजे ईक्यू, वापरावा लागतो.

थोडक्यात सांगायचं तर

- ईक्यू म्हणजे आवाजातला एखादा ठरावीक पट्टा कमी किंवा जास्त करण्याचं साधन.
- गिटार आणि गळा बऱ्याच प्रमाणात एकाच पट्ट्यात वाजतात, म्हणून एकमेकांना झाकतात.
- गाण्यातल्या गिटारसाठी वाढवण्यापेक्षा कमी करणं जास्त उपयोगी पडतं.
- गिटार एकटी ऐकून ईक्यू लावू नका. गाण्यासोबत ऐकूनच लावा.
- खोली, माईकची जागा आणि जुन्या तारा यांचे दोष ईक्यू पूर्ण काढू शकत नाही.

इक्वलायझर म्हणजे नेमकं काय?

आवाज म्हणजे हवेतली कंपनं. एका सेकंदात किती कंपनं होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येते. कमी हर्ट्झ म्हणजे खर्जाचा, जाड आवाज. जास्त हर्ट्झ म्हणजे टोकदार, बारीक आवाज. सूर एक सप्तक वर गेला की हर्ट्झ दुप्पट होतात.

व्हॉल्यूमचं बटण हे सगळं एकाच वेळी वर-खाली करतं. इक्वलायझर मात्र यातला एकच तुकडा निवडून तेवढाच वर-खाली करू देतो.

नावाचा इतिहासही गमतीचा आहे. सुरुवातीच्या काळात टेलिफोनच्या लांब तारांमधून जाताना आवाजातला वरचा भाग जास्त प्रमाणात गळून जायचा. पलीकडच्या माणसाला बोलणं दबकं ऐकू यायचं. ही गळती भरून काढून, जसा आवाज आत गेला तसाच बाहेर यावा, दोन्ही 'इक्वल' व्हावेत म्हणून इंजिनिअरांनी जी सर्किटं बसवली त्यांना इक्वलायझर म्हणू लागले. म्हणजे या साधनाचा जन्मच शब्द नीट ऐकू यावेत यासाठी झाला. पुढे ते सिनेमा, रेडिओ आणि संगीताच्या स्टुडिओत आलं. आज मोबाईलवर जो ईक्यू दिसतो, त्यातल्या 'पॅरामेट्रिक' प्रकारावरचा निबंध जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर मांडला होता.

पॅरामेट्रिक ईक्यूत तीनच गोष्टी समजून घ्यायच्या असतात :

- फ्रीक्वेन्सी : कोणत्या जागी हात घालायचा. उदाहरणार्थ २०० हर्ट्झ.
- गेन : तिथे किती कमी-जास्त करायचं. हे डेसिबलमध्ये असतं. १ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो, ३ डेसिबलचा स्पष्ट कळतो, आणि साधारण १० डेसिबल वाढवलं की आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो.
- क्यू : हात किती रुंद ठेवायचा. क्यू १ च्या आसपास असेल तर आजूबाजूचा मोठा पट्टा सोबत हलतो. क्यू ८ असेल तर अगदी अरुंद जागेवरच परिणाम होतो.

ग्राफिक ईक्यूत मात्र जागा आधीच ठरलेल्या असतात, आपण फक्त दांड्या वर-खाली करतो. म्युझिक प्लेअरमध्ये दिसतो तो हाच. मिक्सिंगसाठी शक्यतो पॅरामेट्रिक वापरा.

महागडं काही लागत नाही. मोबाईलवर बँडलॅब मोफत आहे. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी मोफत आहे, त्यात 'फिल्टर कर्व्ह ईक्यू' मिळतो. ॲपलच्या उपकरणांवर गॅरेजबँड मोफत मिळतं. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं आणि त्यात 'रीईक्यू' नावाचा उत्तम पॅरामेट्रिक ईक्यू आहे.

गिटार नेमकी कुठे वाजते?

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारच्या मोकळ्या तारा इथे वाजतात :

- सहावी, सगळ्यात जाड (ई) : सुमारे ८२ हर्ट्झ
- पाचवी (ए) : ११० हर्ट्झ
- चौथी (डी) : सुमारे १४७ हर्ट्झ
- तिसरी (जी) : १९६ हर्ट्झ
- दुसरी (बी) : सुमारे २४७ हर्ट्झ
- पहिली, सगळ्यात बारीक (ई) : सुमारे ३३० हर्ट्झ

बारीक तारेवर विसाव्या फ्रेटचा सूर साधारण १,०४७ हर्ट्झला येतो. मग गिटार तिथेच संपते का? नाही. प्रत्येक तार मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूरही काढत असते. ११० हर्ट्झची तार छेडली की २२०, ३३०, ४४० असं बरंच काही सोबत वाजतं. तारेवर पिक घासल्याचा आवाज तर आणखी वर जातो. म्हणून अकूस्टिक गिटारचा पसारा ८० पासून १०,००० हर्ट्झच्याही पुढे असतो.

हा पसारा कानाला कसा लागतो, त्याचा ढोबळ नकाशा असा :

- ८० हर्ट्झच्या खाली : नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये इथे गिटारचा सूर नसतो. पायाचा ठोका, टेबलाला लागलेला धक्का, पंख्याची घरघर मात्र असते.
- ८० ते २०० : गिटारचं पोट. भारदस्तपणा इथला आणि 'धम् धम्' घुमणंही इथलंच.
- २०० ते ५०० : ऊब. जास्त झाली की तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखं दबकं वाटतं.
- ५०० ते १,५०० : नाकातून आल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा आवाज.
- २,००० ते ५,००० : स्ट्रमिंगचा ठसका आणि स्पष्टपणा. जास्त झाला की कानाला टोचतो.
- ८,००० च्या वर : चमक, तारांची सळसळ, आणि स्वस्त माईकची 'श्श'.

आकडे पाठ करायची गरज नाही. प्रत्येक गिटार आणि खोली वेगळी असते. कुठून शोधायला सुरुवात करायची एवढंच यातून कळतं.

शब्द दबतात ते का?

भजनात किंवा सुगम संगीतात गायक आपली पट्टी सांगतो तसं बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईचा षड्ज साधारण २३३ हर्ट्झला. वर दिलेल्या तारांची यादी पुन्हा बघितली तर लक्षात येईल की गळा आणि गिटार एकाच गल्लीत राहतात.

एकाच पट्ट्यात दोन आवाज एकाच वेळी आले की मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. याला मास्किंग म्हणतात. भर बाजारात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तोच प्रकार.

आता शब्दांचं बघू. शब्दाचा जोर स्वरांत असतो, पण ओळख बऱ्याचदा व्यंजनांत असते. 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक म्हणजे जीभ सुटतानाचा क्षणभराचा स्फोट. 'स' आणि 'श' यांचा फरकही घर्षणाच्या आवाजात असतो. ही माहिती मुख्यतः २,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असते, आणि ती फार कमी ताकदीची असते. नेमकी तिथेच गिटारच्या स्ट्रमिंगची खरखर बसलेली असते. प्रत्येक ठोक्याला पिक तारांवर आपटतो आणि एखादं 'त', एखादं 'क' खाऊन टाकतो.

प्रमाण मराठीतलं गाणं असेल तर ऐकणारा अंदाजाने शब्द भरून घेतो. वऱ्हाडी किंवा बंजारा समाजाच्या गोरबोलीतलं गाणं असेल तर बाहेरच्या श्रोत्याला ही सोय नसते. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. हा 'य' नीट ऐकू आला नाही तर पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला शब्दच लागत नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान याच जिल्ह्यात आहे, आणि होळीच्या लेंगी गीतांसारखी परंपरा आता नव्या पोरांच्या मोबाईलमधून बाहेर पडतेय. त्या गाण्यांची बोली लोकांपर्यंत पोचायची असेल तर गिटारला थोडं सरकून बसावं लागेल.

ईक्यूच्या आधी : खोली आणि माईक

ईक्यूचं निम्मं काम रेकॉर्डिंगच्या वेळीच वाचवता येतं.

खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही सूर अडकून घुमतात. भिंतींमधलं अंतर १० फूट असेल तर पहिला घुमणारा सूर सुमारे ५६ हर्ट्झला येतो आणि दुसरा सुमारे ११२ हर्ट्झला. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झची. म्हणून दहा फुटी खोलीत ती मोकळी तार वाजवली की इतर तारांपेक्षा जास्त घुमू शकते. खोली १० बाय १० अशी चौकोनी असेल तर दोन्ही बाजूंनी एकच सूर घुमतो आणि त्रास वाढतो.

यासाठी साधी चाचणी आहे. जाड तारांवरचे सूर एकेक करून सारख्या जोराने वाजवा आणि रेकॉर्ड करा. एखादाच सूर बाकीच्यांपेक्षा मोठा येत असेल तर दोष खोलीचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी खुर्ची दोन-तीन फूट सरकवा. खोलीच्या अगदी मधोमध आणि कोपऱ्यात बसू नका.

गोधडी, रजई, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हे वरच्या पट्टीचे पडसाद शोषून घेतात. खर्जाचा घुमारा शोषायला मात्र जाडी लागते. विदर्भात वेचणीनंतर अनेक घरांत कापूस खोलीत रचलेला असतो. त्या खोलीत बोलून बघा, आवाज किती कोरडा लागतो ते लगेच कळेल. मोकळा कापूस आवाज चांगला शोषतो. दिवाळीच्या सुमारास गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर घरातली सगळ्यात चांगली खोली तीच असू शकते.

माईक किंवा मोबाईल गिटारच्या गोल भोकासमोर धरू नका. तिथून सगळ्यात जास्त हवा आणि सगळ्यात जास्त घुमारा बाहेर येतो. बाराव्या फ्रेटच्या समोर, सुमारे एक फुटावर माईक ठेवा. बहुतेक मोबाईलचा मुख्य माईक खालच्या कडेला असतो, ती कड गिटारकडे करा.

पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात हे अवघड आहे, म्हणून पहाटेची वेळ बरी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेजारी मळणी यंत्र सुरू असेल तर त्या दिवशी फक्त सराव करा.

इलेक्ट्रिक किंवा पिकअपवाली गिटार थेट जोडत असाल तर 'हम्म' असा आवाज येतो का ते बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ही घरघर ५०, १००, १५० अशा जागी येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की ती बऱ्याचदा कमी होते. लाइट गेल्यावर साध्या, स्वस्त इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करणं टाळा. त्याच्या विजेची लहर खडबडीत असते आणि गुणगुण वरपर्यंत पसरते. ती ईक्यूने निघत नाही.

आता ईक्यू : सहा पायऱ्या

समजा गाण्यात एक गळा आणि एक अकूस्टिक गिटार आहे.

१. आधी फक्त व्हॉल्यूम जुळवा. सगळे ईक्यू बंद ठेवा. गळा सुरू करा, मग गिटार हळूहळू वाढवत आणा. शब्द बुडायला लागले की थांबा आणि थोडी खाली घ्या. कधी कधी इथेच काम संपतं.

२. खालचा कचरा काढा. 'हाय-पास' किंवा 'लो-कट' नावाचं फिल्टर ठरावीक जागेच्या खालचं सगळं उतरवत नेतं. नावाने गोंधळू नका, दोन्हींचं काम एकच. गिटार आणि गळाच असेल तर ८० ते १०० हर्ट्झवर लावा. सोबत ढोलकी, तबला किंवा बेस गिटार असेल तर १२० ते १५० पर्यंत न्या. उतार १२ डेसिबल निवडा. म्हणजे कट १०० हर्ट्झवर असेल तर त्याच्या निम्म्यावर, ५० हर्ट्झला, आवाज साधारण १२ डेसिबलने खाली येतो. गिटार पातळ झाल्यासारखी वाटेपर्यंत कट वर न्या, मग थोडा मागे घ्या.

३. घुमारा शोधा. आधी कानाने ठरवा की गिटार खरंच घुमतेय. मगच ही युक्ती वापरा : हेडफोनचा आवाज कमी करा, क्यू ५ च्या आसपास ठेवा, गेन ६ डेसिबल वाढवा आणि १०० ते ३०० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवा. एका जागी घुमारा एकदम उसळेल. तिथे थांबा आणि गेन उलटा, उणे ३ ते उणे ५ करा. कोणतीही जागा ६ डेसिबल वाढवली की वाईटच लागते, म्हणून दोष ऐकू येत नसताना शोधमोहीम काढू नका. नाहीतर चांगल्या गिटारला दहा खड्डे पडतात.

४. शब्दांना जागा द्या. इथेच सगळं गाणं आहे. गिटारच्या ट्रॅकवर २,५०० ते ३,५०० हर्ट्झच्या दरम्यान, क्यू १ ठेवून, २ ते ३ डेसिबल कमी करा. गिटारची सगळ्यात ठसकेबाज जागा आपण हाताने कमी करतोय, त्यामुळे ती एकटी ऐकली तर थोडी मऊ वाटेल. आता गळा सुरू करा. गळ्याला हातही न लावता शब्द पुढे आल्यासारखे वाटतील. गळा जाड आणि दबका असेल तर गिटारमधून २५० ते ४०० च्या आसपासही २ डेसिबल काढून बघा.

५. वरचं टोक बघा. गिटार मंद वाटत असेल तर ८,००० हर्ट्झच्या वर 'हाय-शेल्फ' लावून १ ते २ डेसिबल वाढवा. शेल्फ म्हणजे त्या जागेपासून वरचं सगळं एकसारखं उचलणं. 'श्श' वाढली तर लगेच मागे या.

६. चालू-बंद करून तुलना करा. ईक्यू बंद करून ऐका, मग चालू करून ऐका. पण दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. माणसाच्या कानाला जे मोठं तेच चांगलं वाटतं. ईक्यूने वाढवल्यामुळे आवाज मोठा झाला असेल तर आपण स्वतःला फसवतोय. सारख्या पातळीवर ऐकून फरकच कळत नसेल तर तो ईक्यू काढून टाका.

'सोलो'चं बटण इतकं धोक्याचं का?

बहुतेक नवशिके गिटारचा ट्रॅक सोलो करतात, म्हणजे बाकी सगळं बंद करून तेवढाच ऐकतात. मग खालून भारदस्त आणि वरून चमकदार अशी गिटार घडवतात. एकटी ऐकायला ती झकास लागते, कारण तिने सगळी जागा व्यापलेली असते. तिच्यात गळा आणून टाकला की त्याला बसायला जागाच उरलेली नसते.

एसटीत तिघांच्या बाकावर एकटाच बसलेला माणूस ऐसपैस असतो. दुसरा आला की त्याला सरकावं लागतं. एकट्याच्या ऐसपैसपणावरून बाकाचं माप काढायचं नसतं.

म्हणून गाण्यात नीट बसलेली गिटार सोलो केल्यावर बऱ्याचदा थोडी पातळ लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाण्याची फक्त गिटारवर वाजणारी सुरुवात असेल तर तेवढ्यापुरता ईक्यू बंद ठेवता येतो. गळा सुरू झाला की तो चालू करायचा.

सोबत इतर वाद्यं असतील तर?

ढोलकी, तबला, नगारा : डग्ग्याचा आणि नगाऱ्याचा दम खालच्या पट्ट्यात असतो. तो त्यांचाच ठेवा. गिटारचा लो-कट १५० पर्यंत न्यायला हरकत नाही. थाळी किंवा टाळ असतील तर वरची चमक ते देतातच, गिटारचा हाय-शेल्फ काढून टाका.

हार्मोनियम : गिटारचा सगळ्यात अवघड शेजारी. दोन्ही मधल्या पट्टीत सलग भरलेले असतात. इथे ईक्यूपेक्षा वाजवणं बदला. हार्मोनियमने सूर धरला असेल तर गिटारने मोजके ठोके द्यावेत. गिटारला कॅपो लावून वरच्या जागी वाजवलं तरी गर्दी कमी होते.

दोन गिटार : दोन्हींना एकच ईक्यू लावू नका. एकीला खालची ऊब ठेवा आणि दुसरीचा लो-कट २०० पर्यंत वर घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली तर आणखी मोकळं वाटतं.

इलेक्ट्रिक गिटार : डिस्टॉर्शनच्या आवाजात ५,००० हर्ट्झच्या वर सूर कमी आणि करवतीसारखी खरखर जास्त असते. खऱ्या ॲम्पचा स्पीकर हा भाग आपोआप कापतो. थेट लाइन जोडून रेकॉर्ड केलं असेल तर 'कॅबिनेट सिम्युलेटर' लावा, किंवा निदान ६,००० च्या आसपास 'हाय-कट' लावा.

पिकअपवाली अकूस्टिक : ब्रिजखालच्या पिझो पिकअपला प्लॅस्टिकसारखा, टिचका आवाज असतो. १,००० ते ३,००० मध्ये शोधून ३-४ डेसिबल कमी केलं की थोडा सुसह्य होतो. त्यापेक्षा माईकने रेकॉर्ड करणं केव्हाही बरं.

शेवटी गाणं ऐकणार कशावर?

वाशिम पूर्वी अकोला जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ रोजी त्याचा वेगळा जिल्हा झाला. त्या काळात इथल्या गायकाला आपला आवाज लोकांपर्यंत पोचवायचा तर आकाशवाणीचं केंद्र किंवा मोठ्या शहरातला स्टुडिओ गाठावा लागायचा. आज रेकॉर्डिंग मोबाईलवर होतं आणि ऐकणाराही मोबाईलवरच ऐकतो. त्यामुळे मिक्स त्याच्यासाठी करायला हवा.

मोबाईलचा इवलासा स्पीकर खालचा आवाज फारसा काढूच शकत नाही. २०० हर्ट्झच्या खालचं तिथे बरंचसं गायब होतं. तरीही ११० हर्ट्झची तार आपल्याला ऐकू आल्यासारखी वाटते, कारण तिचे २२०, ३३०, ४४० चे वरचे सूर ऐकून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. म्हणून मोबाईलवर गिटार पातळ लागते म्हणून १०० हर्ट्झ वाढवत बसू नका. मोबाईलवर त्याने फरक पडणार नाही आणि कोणी गाडीत किंवा मोठ्या स्पीकरवर लावलं तर सगळं घुमेल.

मिक्स झाल्यावर चार ठिकाणी ऐका : हेडफोन, मोबाईलचा स्पीकर, ब्लूटूथ स्पीकर आणि जमल्यास गाडी. चारही ठिकाणी शब्द कळत असतील तर काम झालं. प्रत्येक ठिकाणी उत्तम लागेल असा मिक्स नसतो.

ऐकताना आवाज फार मोठा ठेवू नका. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की खर्ज जास्त भरतो. मोठ्याने ऐकून केलेला मिक्स हळू लावल्यावर म्हणूनच पोकळ वाटतो. शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येईल एवढ्या आवाजात काम करा, आणि तासाभराने कानांना दहा मिनिटं सुट्टी द्या.

ईक्यू काय करू शकत नाही?

- बेसूर गिटार सुरात आणू शकत नाही. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर लावा.
- जुन्या, गंजलेल्या तारांना चमक देऊ शकत नाही. जे रेकॉर्डच झालं नाही ते वाढवणार कुठून? नव्या तारा कोणत्याही प्लगइनपेक्षा जास्त फरक पाडतात.
- फाटलेला आवाज शिवू शकत नाही. रेकॉर्ड करताना मीटरची उडी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.
- खोलीचा पडसाद काढू शकत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ॲपमधलं तयार 'अकूस्टिक गिटार' प्रीसेट लावलं तर चालेल का?
सुरुवात म्हणून चालेल. पण ते बनवणाऱ्याने तुमची गिटार, तुमची खोली आणि गायकाची पट्टी ऐकलेली नसते. लावल्यावर वरच्या सहाव्या पायरीसारखी तुलना करा.

आधी गळ्याला ईक्यू लावायचा की गिटारला?
गाणं शब्दांचं असेल तर गळा आधी नैसर्गिक वाटेल एवढा करून घ्या आणि मग गिटार त्याच्याभोवती बसवा.

गिटार आणि गाणं एकाच मोबाईलवर एकाच वेळी रेकॉर्ड केलं असेल तर?
मग दोन्हींना वेगळा ईक्यू लावता येत नाही. २,५०० हर्ट्झ कमी केलं तर गिटारसोबत शब्दही दबतील. अशा वेळी माईक तोंडाच्या जवळ आणि गिटारपासून लांब ठेवून तोल साधा. शक्य असेल तर दोन वेगळे ट्रॅक घ्या.

फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायची?
काम संपेपर्यंत वेव्ह. एमपीथ्री सगळ्यात शेवटी, तेही गरज असेल तरच. मित्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

किती ईक्यू म्हणजे जास्त?
एकाच गिटारवर पाच-सहा ठिकाणी ६ डेसिबलपेक्षा जास्त कापावं लागत असेल तर थांबा. माईक सरकवून पुन्हा रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात.

सुरुवातीच्या त्या मुलाला, म्हणजे, नवा माईक घ्यायची गरज नाही. खुर्ची दोन फूट सरकवायची, मोबाईल बाराव्या फ्रेटसमोर ठेवायचा, गिटारचं खालचं ९० हर्ट्झवर कापायचं आणि ३,००० च्या आसपास तिला ३ डेसिबल मागे घ्यायचं. मग तेच गाणं त्याच मित्राला पुन्हा पाठवायचं, आणि त्याला एकच विचारायचं : आता शब्द सांग बरं कोणते आहेत?